शिलाई मशीनखालचा पाय

"आई, फरशीवर हे लाल कशाचं गं?" थोरली लादी पुसताना म्हणाली. मी मशीनवरूनच सांगितलं, लाल अस्तराचा रंग उतरला असेल. पावसाळ्याचे दिवस, पत्र्यातून एका कोपऱ्यात पाणी गळत होतं, कापडाचे गठ्ठे खालीच होते. तिनं पुसलं. थोड्या वेळानं पुन्हा तोच डाग, माझ्या मशीनच्या पायडलखाली. मग ती खाली बसली, माझा उजवा पाय उचलून बघितला आणि ओरडलीच. तळव्यात अर्धी सुई रुतलेली होती.

ती सुई दोन दिवसांपूर्वी मोडली होती. जाड शिवणीवर सुई मोडणं आम्हा शिवणाऱ्या बायकांना नवं नाही. वरचा तुकडा मशीनमध्ये राहिला. टोकाचा तुकडा शोधला, सापडला नाही. नवी सुई लावली आणि पुढे शिवत बसले, कारण चाळीस गाऊन द्यायचे होते. दोन दिवस मी त्या तुकड्यावर उभी राहिले, स्वयंपाक केला, पाणी भरलं, धायरी फाट्यापर्यंत माल पोचवून चालत परत आले. काही दुखलं नाही. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. पाय दुखत नाहीत म्हणून मी खुशीत होते. ते न दुखणं हाच आजार होता, हे त्या दिवशी कळलं.

पुढचे सात आठवडे ड्रेसिंगमध्ये गेले. पहिल्याच एका खासगी दवाखान्यात "बोट काढावं लागेल, पैशांची सोय करा" असं दारातच सांगितलं. घाबरून आम्ही ससूनला गेलो. धायरीहून स्वारगेट, तिथून पुणे स्टेशनची बस, दोन्हीकडे रांग. पण बोट राहिलं. मशीन मात्र सात आठवडे बंद, आणि मशीन बंद म्हणजे कमाई बंद.

आरोग्याच्या पानासाठी घरकाम सांभाळून, घरातच रोजगार करणाऱ्या आजारी माणसांवर लिहा, असं मला सांगण्यात आलं. मी डॉक्टर नाही. सुई टोचून घेणारी आहे, दोन्ही अर्थांनी. तेवढ्या अधिकारानं लिहिते. औषधाच्या बाबतीत जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांकडून आणि दवाखान्यातल्या सिस्टरांकडून समजून घेतलेलं आहे. तुमच्या गोळ्यांचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

घरून काम कुणाचं?

घरून काम म्हटलं की लॅपटॉप डोळ्यापुढे येतो. तसं काम करणारी पोरं आपल्याही वस्तीत आहेत, बँकांसाठी फोन करणारी, डेटा भरणारी. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या बायका घरून काम करत आल्या आहेत. गाऊन, परकर, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, काज-बटण, धागे कापणं, कॅरीबॅग चिकटवणं, पोळ्या लाटून देणं. नऱ्हे-धायरीच्या छोट्या कारखान्यांतून सुटे भाग घरी येतात, त्यांची पाकिटं भरून परत जातात. हिशेब नगावर. जेवढे नग तेवढे पैसे. त्यात वीज आपली, दोरा बहुतेक वेळा आपला, जागा आपली, मशीनची दुरुस्ती आपली, आणि आजारपणही आपलंच.

हे काम आपल्याकडे का येतं तेही बघा. माझ्या गल्लीत घरी शिवणाऱ्या सात जणी आहेत. त्यातल्या पाच जणी आजारामुळे घरी बसल्या. एकीला दमा, एकीचे गुडघे, एकीला थायरॉइड आणि पित्ताचं ऑपरेशन, दोघींना साखर. बाहेरचं काम झेपेना म्हणून घरचं धरलं. आणि घरचं काम असं की आजार लपतो. मालवाल्या दादाला आपण कधी सांगत नाही, की मला बरं नाही. सांगितलं की पुढचा गठ्ठा दुसऱ्या दारात जातो.

मी स्वतः नऱ्हे भागातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं होते. पगारातून ईएसआय कापलं जायचं. साखर निघाली तेव्हा बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमधून औषधं मिळायची. मग रात्रीचे ओव्हरटाइम झेपेनात, सुपरवायझर लघवीला जायची वेळ मोजायचा, आणि साखर वाढली की लघवीला तर सारखं जावं लागतं. एक दिवस वैतागून राजीनामा दिला. घरीच शिवू, निवांत शिवू, असा विचार केला. त्या राजीनाम्यात मी काय सोडलं ते मला पाय कापायची वेळ आली तेव्हा एका ओळखीच्या भाऊंनी समजावलं.

ईएसआयमध्ये विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. शिवाय ३४ मोठ्या आजारांची एक वेगळी यादी आहे. त्या आजारांसाठी, नोकरीची दोन वर्षं आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरलेले असतील तर, पगाराच्या ८० टक्के भत्ता जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकतो. त्या यादीत क्षयरोग आहे, कॅन्सर आहे, आणि मधुमेहामुळे पायाला झालेली जखमही आहे. म्हणजे तीच सुई, तोच पाय, पण कारखान्यातल्या मशीनखाली असता तर मला सात आठवड्यांचा पैसा मिळाला असता. घरातल्या मशीनखाली होता म्हणून मिळाला नाही.

हे लिहिताना मला बाबासाहेब आठवतात, ते केवळ आपली सवय म्हणून नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं गेलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत तो सुरू झाला. आजारी पडलेल्या कामगाराची चूल पेटती राहावी ही त्यामागची साधी गोष्ट. कारखान्याच्या दारापर्यंत ती पोचली. आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत अजून पोचायची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, भारतानं त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात घरी काम करणारी बाई कामगार म्हणून मोजली गेली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

तर ज्या ताई-दादांचं आज ईएसआय कापलं जातंय आणि आजारामुळे नोकरी सोडायच्या विचारात आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं: राजीनामा लिहायच्या आधी ईएसआयच्या डॉक्टरांना भेटा. रजा आणि भत्ता आधी, राजीनामा नंतर. मी उलटं केलं.

२६, अलीपूर रोड

आपल्या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, की बाबासाहेबांनी इतक्या आजारपणातही इतकं काम केलं, मग आपण का नाही? मला हे वाक्य फार दिवस टोचायचं. कारण बाबासाहेबांचं आजारपण नीट वाचलं की वेगळंच दिसतं.

बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि पायांच्या नसांचा दाह, ज्याला न्युरायटिस म्हणतात, तो होता. १९४८ च्या सुरुवातीला घटनेच्या मसुद्याचं काम चालू असताना पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे. मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ ला सादर झाला, आणि १५ एप्रिलला त्यांनी डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी विवाह केला. मुंबईला डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात त्या काम करत आणि तिथंच बाबासाहेबांवर उपचार चालू होते. काळजी घेणारं जाणतं माणूस घरात असल्याशिवाय आता आपण तग धरणार नाही, हे त्यांनी स्वतः ओळखलं होतं.

१९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते दिल्लीला २६, अलीपूर रोडच्या भाड्याच्या घरात राहू लागले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं बरंचसं काम त्या घरात झालं. म्हणजे घरून केलेलं काम, आणि तेही दीर्घ आजारात. पण त्या घरात कोण कोण होतं ते मोजा. पथ्य, औषधं, तपासण्या बघायला माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर. स्वयंपाकाला सुदामा. दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी टंकलेखनाला येणारे नानकचंद रत्तू. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले, या दोघांमुळे आपलं आयुष्य वाढलं असं नमूद केलं. टंकलेखन करणाऱ्या रत्तू आणि प्रकाशचंद यांनाही ते विसरले नाहीत. ती प्रस्तावना १९५७ ला ग्रंथ निघाला तेव्हा त्यात छापली गेली नाही, हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेसाठी ते काठी आणि माणसाचा आधार घेऊन उभे होते. आणि ५ डिसेंबरच्या रात्रीसुद्धा प्रस्तावनेची पानं आणि आचार्य अत्रे, एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं त्यांनी उशाजवळ मागवून घेतली.

एवढ्या मोठ्या माणसाला हे काम एकट्यानं ओढायचं नव्हतं. मदत घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही, तिची जाहीर नोंद त्यांनी केली. आमच्या घरात मात्र माईसाहेबांचं काम मी करते, सुदामाचं मी करते, रत्तूंचं मी करते आणि शिवतेही मीच. यांची सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी. त्यामुळे "बाबासाहेब करू शकले, तर तू का नाही" असं कुणी म्हटलं की मी आता विचारते, मग माझ्या घरात माईसाहेब कोण होणार? हा प्रश्न मी एकदा जेवताना यांनाही विचारला. थोडा वेळ ते गप्प होते. तेव्हापासून सकाळची सुई तेच टोचतात आणि रात्री माझे तळवे बॅटरी लावून बघतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पाय पहिल्यांदा आत्ता बघतात, हा विनोद आमच्याकडे अजून चालू आहे.

माल आणि जेवणाची वेळ

घरून काम करणाऱ्या मधुमेही माणसाचा पहिला शत्रू गोड नाही, 'एवढे दोन नग झाले की जेवते' हे वाक्य आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण पुढे ढकललं की साखर खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, चिडचिड होते. आमच्या गल्लीतल्या एक मावशी मशीनवर बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागल्या. लोकांना वाटलं बाहेरचं काही झालं. साखर मोजली तर ४८.

७० च्या खाली साखर गेली, किंवा मोजायला यंत्र नाही पण लक्षणं दिसताहेत, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढीच. मग पोळी-भाजी जे असेल ते खायचं. पेढा, चॉकलेट यांनी काम होत नाही, त्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काही घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीशेजारी, साखरेची पुडी ठेवते. मोबाइलमध्ये दीडचा गजर आहे. गजर वाजला की शिवण अर्धी सुटली तरी उठायचं. मालवाला दादा एकदा याच वेळेला आला होता. त्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, मला साखर आहे, जेवून मग हिशेब करते. माल त्यानं तोडला नाही. प्रत्येकीचा मालवाला तसा असेलच असं नाही, पण आपण सांगतच नाही हेही खरं.

पौर्णिमेला विहारात अष्टशील घेणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी एक गोष्ट. दुपारनंतर न जेवण्याचं शील पाळायचं आणि रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घ्यायचं, हे धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचं प्रमाण बदलून घ्या. नाहीतर त्या दिवशी पंचशीलच पाळा, वंदना तेवढीच पोचते.

इन्सुलिन पत्र्याखाली टिकतं का, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या भागात किंवा दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. चालू बाटली साध्या थंड जागी साधारण २८ दिवस चालते, पण एप्रिल-मे मध्ये आमच्या पत्र्याखाली साधी थंड जागा कुठली? मी एका मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं बसवलंय, बाटली कोरड्या डबीत घालून त्या मडक्यात. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनानं लिहायची.

आणि सिरिंज. ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणारी बाटली बहुतेक ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपीची. ४० च्या सिरिंजनं १०० चं इन्सुलिन घेतलं तर अडीचपट डोस जातो. उलट केलं तर अर्ध्याहूनही कमी जातो आणि साखर का उतरत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो. मेडिकलवाल्याकडून जी मिळेल ती सिरिंज घेऊ नका, बाटली सोबत न्या.

नजर धूसर झाली की आम्ही शिवणाऱ्या आधी चष्म्याचा नंबर वाढवतो. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. साखर काही आठवडे ताब्यात आल्यावर नंबर काढा, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्याचा आजार सुरुवातीला कळतच नाही, पायासारखाच.

दम्याच्या बायकांसाठी थोडक्यात: कापडाचा भुसा झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला ओढणी बांधा, आणि पंप 'सवय लागते' म्हणून बंद करू नका.

पाय

मशीनवर बसणाऱ्याचा पाय हा हत्यार आहे. हाताला आपण जपतो, पायाला नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या, जळजळ, रात्री आग. मग ते थांबतं आणि आपल्याला वाटतं बरं झालं. माझं तसंच झालं. वर्षातून एकदा दवाखान्यात पायाची तपासणी मागून घ्यायची. ते एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात, कळतं की नाही. काही मिनिटांचं काम. अकरा वर्षांत मी एकदाही मागितलं नव्हतं आणि कुणी केलंही नव्हतं.

आता माझ्या घरात शिवण्याच्या जागी अनवाणी कुणी येत नाही. मी मशीनवर बंद बूट घालून बसते, मुलाचे जुने कापडी बूट. पहिल्या आठवड्यात पायडलचा अंदाज येईना, शिवण वाकडी गेली, दोन गाऊन उसवले. मग सवय झाली. बाहेर जाताना मागे पट्टा असलेली एमसीआरची चप्पल. मऊ रबराची असते, मधुमेहाच्या पायासाठी चांगली. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून रोज संध्याकाळी मशीनखालून फिरवते. किती सुया, टाचण्या निघतात ते बघून तुम्हीही चकित व्हाल. सुई मोडली की दोन्ही तुकडे जुळवल्याशिवाय नवी सुई नाही.

रोज रात्री तळवे बघायचे, आरसा जमिनीवर ठेवून किंवा घरातल्या माणसाकडून. बोटांच्या मधली जागा कोरडी. टाचेला तेल, बोटांमध्ये नाही. नखं सरळ कापायची. घट्टे ब्लेडनं कापायचे नाहीत. आणि बधिर पायाला गरम पाण्याचा शेक अजिबात नाही. भाजलेलं कळत नाही आणि फोड येतो. आमच्या सासूबाईंचा पाय असाच गेला, प्रेमानं दिलेल्या शेकानं. तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पाणी

जानेवारी २०२५ कुणी विसरलेलं नाही. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी, हा सगळा सिंहगड रस्त्याचा पट्टा जीबीएसनं हादरला होता. चांगली चालती-फिरती माणसं हात-पाय लुळे होऊन व्हेंटिलेटरवर गेली. दूषित पाण्यातले जंतू पोटात जाऊन जुलाब होतात आणि नंतर काहींच्या शरीरातली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, असा तो आजार. बरे झालेल्यांतल्या काहींना पायात ताकद यायला महिनोनमहिने लागले. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, पण टँकर गेले नाहीत, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको.

आधीच मधुमेह असलेल्याला साधे जुलाबही महागात पडतात. पाणी उकळून प्या, खळखळून एक मिनिटभर तरी. जुलाब-उलटी झाली आणि जेवण गेलं नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका. आजारपणात साखर उलट वाढते. दर चार तासांनी साखर बघा, थोडं थोडं पाणी पीत राहा, आणि मेटफॉर्मिनसारखी गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. हातापायांना अचानक अशक्तपणा, मुंग्या वर वर चढत जाणं, असं दिसलं तर वाट न बघता मोठा दवाखाना.

कागदपत्रं

या भागाला मी मुद्दाम थोडी जागा देते, कारण वस्तीत यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांना. रोजच्या गोळ्या आणि पट्ट्या त्यात नाहीत. रोजच्यासाठी आपल्याला जवळचा सरकारी दवाखानाच बरा. आमच्याकडून वडगाव बुद्रुकचा पालिकेचा लायगुडे दवाखाना जवळ. तीस वर्षांवरच्या माणसाची साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत असते. बाहेरून औषध घ्यायचीच वेळ आली तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात जा. पालिकेच्या शहरी गरीब योजनेची चौकशी करा. धायरी आता पालिकेत आहे, म्हणजे ती आपल्यालाही आहे. आणि १६ ते ५९ वयाच्या, घरी बसून काम करणाऱ्या प्रत्येकीनं ई-श्रमवर नाव नोंदवावं. कामाच्या जागी 'गृहिणी' लिहू नका, 'शिवणकाम' लिहा. माझ्या गल्लीतल्या तिघींनी गृहिणी लिहिलं होतं. दिवसाला दहा तास मशीन चालवून.

आम्ही सात जणी आता रविवारी विहारात जायच्या आधी एकमेकींच्या पायांकडे बघतो. सुरुवातीला लाज वाटायची, पाय दाखवायचे म्हणजे काय. आता हसत खिदळत होतं. परवा शेजारच्या वहिनींच्या डाव्या टाचेला खोल भेग दिसली, कडेनं लाल. त्यांना काहीच दुखत नाही म्हणाल्या. उद्या सोमवार, सकाळी साडेआठला आम्ही दोघी लायगुडेला निघतोय. त्यांच्याकडे गणवेशांचा गठ्ठा आहे. त्यातले पंधरा मी शिवणार आहे, दहा पलीकडच्या ताई. मालवाल्याला मंगळवारी देतो म्हणून फोन केला आहे.